खरेदीच्या फायलीत नसलेला माणूस

रुग्णालयात नवं यंत्र आलं की फीत कापायला गर्दी होते. ते बंद पडलं की येतो एकटा बायोमेडिकल तंत्रज्ञ. नागपुरात त्याचं भांडण कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसलेल्या गोष्टींशी असतं: मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा, धूळ आणि विजेचा लपंडाव. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचंच घ्या. त्यातलं झिओलाइट हवेतला नायट्रोजन शोषून घेतं, म्हणून मागे ऑक्सिजन उरतो. गाळणी तुंबली किंवा पावसाळ्यात झिओलाइटला ओल लागली, तरी यंत्र पूर्वीसारखंच घुरघुरत राहतं. आतून येणारा ऑक्सिजन मात्र विरळ होत जातो. डॉक्टर, नर्स, नातेवाईक सगळ्यांना ते चालू दिसतं. मीटर लावून पाहणाऱ्यालाच खरं कळतं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये उपकरण-देखभालीचा कार्यक्रम आणला, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं नादुरुस्त आढळली होती. त्यावर जिल्हा रुग्णालयांसाठी उद्दिष्ट ठरलं, यंत्रं ९५ टक्के वेळ चालू ठेवण्याचं. ते कागदावरून वॉर्डात यायचं असेल, तर नागपूरचं मेडिकल रुग्णालय असो, मेयो रुग्णालय असो की तालुक्याचा दवाखाना, सुट्या भागांचे पैसे आणि या माणसाचा पगार खरेदीच्या मंजुरीतच धरा. उरलेल्या पैशांतून देखभाल होत नसते.