मोकळ्या जागेवर देऊळ नको, झाड हवे

वाचक माऊली, हा लेख काहींना रुचणार नाही, हे जाणूनच लिहीत आहे. उभी हयात नारदाच्या गादीवर उभे राहून नामाचा महिमा सांगण्यात गेली. तेव्हा हा म्हातारा देवळाच्या विरुद्ध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. देवळाच्या जागेविषयी बोलायचे आहे, देवाविषयी नाही.

आमच्या अहेरीकडे आणि एकूणच गडचिरोली-चंद्रपुराकडे एक चाल पडत चालली आहे. घरकुलांची वस्ती वसते. लेआउटात सर्वांसाठी म्हणून एक जागा मोकळी सुटते. वर्षा-दोन वर्षांत तिथे चौथरा उठतो. चौथऱ्यावर झेंडा, झेंड्याखाली मूर्ती, मूर्तीवर टिनाचे छप्पर, मग सभामंडप, आणि शेवटी सभामंडपाला कुलूप. सप्ताहाचे सात दिवस सोडले तर ते कुलूप निघत नाही. आणि हे करणारे बहुतेक वेळा आपलेच माळकरी असतात, म्हणून हे आपल्याच मासिकात लिहिणे भाग आहे.

आधी ही जागा कोणाची, ते पाहू. शहरी विकासाच्या नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर होतो, तेव्हा त्यातली १० टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते. ती कोणा पुढाऱ्याने दिलेली भेट नव्हे आणि कोणा मंडळाची मिळकतही नव्हे. वस्तीतल्या शेवटच्या घरातल्या विधवेचा तिच्यावर जेवढा हक्क आहे, तेवढाच पहिल्या घरातल्या सरपंचाचा.

आता घर किती, तेही पाहा. ग्रामीण आवास योजनेच्या घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. म्हणजे २७० चौरस फुटांच्या आत-बाहेर, तेही स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्या घरात म्हातारे आईबाप, मुलगा-सून, दोन-तीन लेकरे. वर स्लॅब किंवा टिन. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा त्या घरात दुपारी बसून पाहावे. जुन्या मातीच्या घराला कौले होती, पुढे ओसरी होती, मागे वाडी होती, वाडीत चिंच नाही तर मोह होता. घरकुलाने भिंत पक्की दिली, हे मोठेच काम झाले. पण ओसरी गेली आणि वाडीही गेली. त्या मोकळ्या जागेत झाडे असतील तर तीच सगळ्या वस्तीची ओसरी. मोहफुले वाळवायची, तेंदूपत्त्याची पुडकी बांधायची, लेकरांनी खेळायचे, म्हाताऱ्याने बाज टाकून पडायचे, ते तिथेच. त्या जागेवर आपण सिमेंट ओतले, तर गरिबाची ओसरी आपण देवाच्या नावाने काढून घेतली, असाच त्याचा अर्थ होतो. हे पुण्य कोणत्या पोथीत बसते?

आता पूर्वपक्ष ऐकू. आक्षेप मनात राहू देऊन सिद्धांत सांगू नये, असे आम्हाला शिकवले आहे.

कोणी म्हणतो, “महाराज, आपण जंगलात राहतो. आपल्याला बाग कशाला?” खरे आहे, जवळच आलापल्लीचे वनवैभव आहे. ६ हेक्टरांचे ते राखीव रान २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. तिथला साग पाहताना मान दुखते. पण दुपारी दोन वाजता तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन आई आलापल्लीच्या रानात जाईल काय? तिला दारापासून शंभर पावलांवर सावली पाहिजे. आणि वस्ती सपाट करताना यंत्राने सगळ्यात आधी काय काढले असेल, तर तिथली झाडे. जंगलाच्या जिल्ह्यात उघड्या मुरमावर राहणारी माणसे, ही आपली आजची स्थिती आहे.

दुसरा म्हणतो, “जागा मोकळी ठेवली तर तिथे उकिरडा होतो, नाही तर कोणी दाबून बसतो. त्यापेक्षा देव बसवलेला बरा.” या बोलण्यात अर्धे सत्य आहे. बेवारस जागेचा उकिरडा होतोच. पण त्यावर उपाय जागा राखणे हा आहे, स्वतःच दाबणे हा नव्हे. शिवाय वस्तीत एकटे आपणच राहत नाही. गोंड आहेत, माडिया आहेत, बौद्ध आहेत, ढिवर आहेत, तेलुगू बोलणारे आहेत. आज आपला चौथरा उठला, तर उद्या दुसऱ्याच्या झेंड्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणाल? मग एका १० टक्के जागेवर चार कुंपणे आणि चार भांडणे. पिंपळाच्या सावलीला मात्र जात विचारावी लागत नाही. भेदाभेद अमंगळ मानणाऱ्या संप्रदायाला हे वेगळे सांगावे काय?

तिसरा रागावून विचारतो, “देवाचे काम अडवता?” कायद्याचे आधी सांगतो. सार्वजनिक रस्ते, बागा आणि जागा यांवर नवे धर्मस्थळ बांधू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे. त्याआधी १९९१ साली बंगळूरच्या एका वस्तीतल्या बागेच्या जागेवर खाजगी रुग्णालय होणार होते. रहिवासी न्यायालयात गेले आणि बाग बागच राहिली. बागेची जागा जिथे रुग्णालयालाही मिळाली नाही, तिथे आपल्या टिनाच्या मंडपाचे काय?

पण वारकऱ्याला कायद्याआधी संतांचे आचरण पुरे व्हावे. सावता महाराज अरणच्या मळ्यात राबले. पंढरी जवळ असूनही मळा सोडून गेले नाहीत, आणि देवच त्यांना भेटायला मळ्यात आला, असे परंपरा सांगते. आळंदीला माऊलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. देहूला नांदुरकी आहे. माऊलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते ती जागा ओळखली जाते लिंबाच्या झाडावरून, चांदोबाचा लिंब. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तने झाली ती उघड्या आभाळाखाली. आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांनी पंढरपूर, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, देवळे बांधत बसले नाहीत. रिंगणाला मोकळे मैदान लागते, दिंडीच्या विसाव्याला सावली लागते. छपरावाचून कीर्तन अडल्याचे कोणी ऐकले आहे काय?

चौथा आक्षेप सर्वांत सोयीचा: “झाडे लावणे सरकारचे काम.” सरकारने लावली की. २०१६ साली एका दिवसात २ कोटी रोपांचा संकल्प झाला, २०१९ साली तो ३३ कोटींपर्यंत गेला. खड्डा खणताना फोटो निघतो. पाणी घालताना काढायला कोणी येत नाही. तुकोबारायांनी झाडावेलींना सोयरे म्हटले, तो अभंग फलकावर लिहून त्याच फलकाखाली रोप वाळलेले मी पाहिले आहे. सोयऱ्याला घरी बोलावून तहानलेला ठेवणारे आपण कसले वारकरी?

सामाईक जागा लोकांना राखता येत नाही, असे म्हणणाऱ्याने आपल्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहून यावे. २००९ साली त्या गोंड गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात. लहानसे गाव एवढे रान सांभाळते. आपल्याला एक-दोन एकराचा तुकडा जड जावा?

म्हणून मागणे असे आहे. रोप आषाढात मरत नाही, ते मरते चैत्रात. पाऊस आहे तोवर देवच पाणी घालतो. कार्तिकीला पाऊस सरलेला असतो, आणि तिथून पुढच्या आषाढीपर्यंतचे आठ महिने माणसाचे. आपल्या दोन वाऱ्यांनी वर्षाची वाटणी आधीच करून ठेवली आहे. आषाढीला रोप लावावे, आणि कार्तिकीला पाण्याचा नेम धरावा. एकादशी न मोडणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन घागरींचा नेम कठीण नाही. अशी तीन वर्षे काढली की झाड आपले आपण उभे राहते.

झाडे इथलीच लावावीत: कडुनिंब, करंज, जांभूळ, आवळा, बेल, मोह, चार. बकऱ्यांपासून राखायला बांबूचे ताटवे करावेत. बांबूला आपल्याकडे तोटा नाही. सप्ताहाच्या मंडपाचा आणि भोंग्यांचा खर्च थोडा कमी केला, तर ताटव्यांचे पैसे निघतात. भंडाऱ्याच्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले त्याच जागेत टाकून उठू नये. ग्रामपंचायतीच्या हद्दीत रोजगार हमीतून लागवडीची आणि संगोपनाची मजुरी मिळते, ती ग्रामसभेत मागावी. आणि पहिल्या बैठकीला वस्तीतल्या बायांना बोलवावे, कारण ती जागा दिवसभर त्याच वापरणार आहेत. सावली कुठे पाहिजे, पाणी कुठून येईल, हे त्यांना विचारल्याशिवाय एकही खड्डा खणू नये.

जिथे चौथरा उठायचा आहे तिथे तो उठू देऊ नका. तुमच्या मंडळाने विटा आणून टाकल्या असतील, तर त्या एखाद्या घरकुलाच्या अपुऱ्या भिंतीला द्या. उभे राहायला देवाला एक वीट पुरली आहे, तिच्यावर तो अजून उभा आहे. बाकीच्या विटांची गरज माणसांना आहे.

रामकृष्ण हरी.