एका डोंगराला तीन सरकारं

गिरणीकामगार बंधूंनो,

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात, जयदेववाडी नावाची लहानशी वाडी आहे. लोक तिला जाळीचा देव म्हणतात. जाळी म्हणजे झाडाझुडपांची दाटी. महानुभावांचं हे मोठं तीर्थ. आसपास धावडा, वालसावंगी ही गावं आणि हद्दीपलीकडे बुलढाणा जिल्ह्यातलं धाड.

आता हद्दीचा खेळ बघा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही वाडी हैदराबाद राज्यात होती, धाड मध्य प्रदेशात, आणि डोंगर उतरून उत्तरेला गेलं की लागणारा खानदेश मुंबई राज्यात. एका डोंगराला तीन सरकारं! भाकर तीच, कापसाचं बोंड तेच, सोयरीक ह्या गावची त्या गावात, भांडण झालं तर शिव्याही मराठीतच. पण निजामाच्या अमलात कचेरीचा कारभार उर्दूत. शेतकऱ्यानं आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, आणि वाचणारा सांगेल ते खरं धरायचं. फाटकावर इंग्रजी नोटीस लागली की आपली काय गत होते? म्हणून हे दुःख आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

चक्रधरस्वामींनी साध्या माणसाशी मराठीत बोलणं केलं. त्यांच्या आठवणींचं लीळाचरित्र तेराव्या शतकात मराठीतच लिहिलं गेलं. ह्या हद्दी फार मागाहून आल्या.

१९५६ साली तिन्ही मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यापायी १०६ जण हुतात्मे झाले, त्यांत आपले गिरणीवालेही होते. ते व्यर्थ गेलं असं म्हणणाऱ्याला आम्ही उभं करणार नाही. पण वाट्याचं काय? २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला विकासाचा नि नोकऱ्यांचा हिस्सा कबूल केला होता. १९८१ साली जालना वेगळा जिल्हा झाला, तरी वाडी जिल्ह्याच्या कोपऱ्यातच राहिली. १९९४ साली मराठवाड्याला विकास मंडळ मिळालं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली, त्याची बोंब कितीजणांच्या कानी गेली? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मात्र पेढे वाटले. वाटा, आम्हीही खाल्ले.

बोनस मागताना आम्ही मालकाला आधी हिशेब दाखव म्हणतो. तसाच हा हिशेब सरकारनं दाखवावा. मराठवाड्याच्या नावानं किती पैसा मंजूर झाला आणि त्यातला जयदेववाडी, धावडा, वालसावंगीला किती पोचला, हे गाववार, सोप्या मराठीत छापून प्रत्येक चावडीवर लावा.