बुरख्यातला पुरुष आणि जमावाचा न्याय

पेणच्या एसटी स्टँडवर किंवा रोह्याच्या गाडीत बुरखा घातलेला पुरुष दिसला की आधी मोबाईल निघतात. मग कुणीतरी ‘पोरं पळवणारा’ म्हणून ओरडतं. असे व्हिडिओ आपल्या जमातीच्या ग्रुपवरही येतात आणि आपण ते न तपासता पुढे पाठवतो. शिमग्यात साडी नेसून नाचणाऱ्या गड्याला हसून पैसे देणारं आपलं कोकण, एरवी मात्र हात उगारायला मागेपुढे बघत नाही.

आधी कायदा बघू. पुरुषाने बायकांचे कपडे घालून बाहेर पडणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने पोशाखातून लिंगओळख व्यक्त करणं अभिव्यक्ती स्वातंत्र्यात धरलं. 2019 साली संसदेने केलेल्या तृतीयपंथी हक्क कायद्याच्या कलम 18 मध्ये अशा व्यक्तीला इजा करणाऱ्याला किंवा सार्वजनिक जागेत अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद झाली. वेष बदलून कुणी चोरी केली, तर गुन्हा चोरीचा. तो तपास पोलिसांचा, जमावाचा नाही.

मग दीन काय सांगतो? पुरुषांनी स्त्रियांची आणि स्त्रियांनी पुरुषांची नक्कल करू नये, ही हदीस स्पष्ट आहे. पण अबू दाऊदमध्ये दुसरीही हदीस आहे. हातापायांना मेंदी लावलेल्या अशा एकाला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणलं गेलं. त्यांनी त्याला मदीनेबाहेर पाठवलं. मात्र ठार मारायचं का, असं विचारल्यावर, नमाज पढणाऱ्यांना मारण्याची आपल्याला मनाई आहे, असं सांगितलं. इमाम नववी यांनीही जन्मजात स्वभाव आणि मुद्दाम केलेली नक्कल वेगळी मानली. जन्मजात असेल त्याला दोष नाही. मग स्टँडवरच्या पोरांनी कुठल्या अधिकाराने हात उचलायचा?

अफवेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पोरं पळवणारे समजून ठार केलं. त्याआधी मे महिन्यात, ऐन रमजानमध्ये, हैदराबादच्या चंद्रायणगुट्ट्यात अशाच अफवेने एका तृतीयपंथीयाचा जीव घेतला. जमावाच्या हिंसेवर आपण बोलतो ते बरोबरच आहे, पण मग आपल्या मोहल्ल्यातल्या जमावावरही बोलायला हवं.

यात आपल्या आयाबहिणींचाही प्रश्न आहे. प्रत्येक बुरख्याआड पुरुष असेल असा संशय एकदा रुजला, की उद्या पेणच्या बाजारात कुणीही उठून त्यांना नकाब वर करायला सांगेल. तो व्हिडिओ पुढे पाठवताना आपण हीच वाट मोकळी करतो.

म्हणून संशय आला तर 112 ला फोन करा. बाईची झडती महिला पोलीसच घेऊ शकते, हेही लक्षात ठेवा. जमातीच्या जबाबदारांनी एका जुम्म्याला मशिदीत यावर बोलावं, आणि घरात आपण पोरांना एवढं सांगावं: मोबाईल खिशात, हात आवरलेला.