मोबाइल तंत्रज्ञांना हवा खानदेशी कट्टा

जळगाव आणि धुळे या शहरांतून रोज रात्री पुण्याकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्यांकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी लक्ष देऊन पाहावे. खानदेशातून बाहेर जाणारा माल म्हणून केळी, कापूस आणि डाळ यांची गणना होते. या बसगाड्यांतून जो माल जातो त्याची गणना कोठेच होत नाही. अभियांत्रिकीच्या आणि संगणकशास्त्राच्या पदव्या घेतलेली, आई-बापांनी जमिनीचा तुकडा गहाण ठेवून शिकविलेली मुले त्यांतून जातात आणि सहसा परतत नाहीत. पुण्यात पगार अधिक मिळतो, हे याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. पगाराइतकीच आणखी एक गोष्ट पुण्यात मिळते आणि ती खानदेशात मिळत नाही. ती म्हणजे आपल्याच व्यवसायातील माणसांची नित्याची भेट.

मोबाइल तंत्रज्ञानाच्या व्यवसायाला ही उणीव विशेष जाणवते. भारतात 31 जुलै 1995 रोजी मोबाइलवरून पहिले संभाषण झाले, ते कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. त्या वेळी मिनिटाला कित्येक रुपये मोजून बोलणे ही श्रीमंतांची चैन होती. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआयची सुरुवात झाली आणि पाहता पाहता भाजीच्या हातगाडीवरही व्यवहाराचा चौकोनी छाप झळकू लागला. इतक्या अल्पकाळात घरोघरी पोहोचलेला हा व्यवसाय जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र विस्कळीतच राहिला आहे.

एक व्यवसाय, तीन बेटे

खानदेशात या व्यवसायाचे तीन थर दिसतात. पहिला थर विक्रेत्यांचा आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर भिंगाखाली सर्किट धरून बसलेला तरुण या थराचा प्रतिनिधी. दुसरा थर मनोरे, केबल आणि जोडण्या सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा. उन्हातान्हात दुचाकीवरून हिंडणारा आणि बहुधा कंत्राटदाराच्या नोकरीत असलेला. तिसरा थर ॲप तयार करणाऱ्यांचा. यात महाविद्यालयांतले विद्यार्थी आहेत, लहान कार्यालये थाटलेले पदवीधर आहेत आणि 2020 च्या टाळेबंदीत घरी येऊन घरूनच पुण्या-बंगलोरचे काम करू लागलेले काही जणही आहेत.

हे तीन थर म्हणजे तीन बेटे आहेत. ॲप करणाऱ्याला वाटते की ग्राहकाच्या हाती त्याच्यासारखाच नवा फोन असेल. प्रत्यक्षात गिऱ्हाईक वापरते तो तीन-चार वर्षांपूर्वीचा, साठवणुकीची जागा संपलेला आणि काच तडकलेला फोन, हे दुरुस्तीवाल्याला ठाऊक असते. सातपुड्याच्या कोणत्या पाड्यात संदेश पोहोचत नाही आणि का पोहोचत नाही, हे मनोऱ्यावर चढणारा तंत्रज्ञ सांगू शकतो. या तिघांचे ज्ञान एकत्र आले, तर जोडणी तुटली तरी चालत राहणारे आणि जुन्या फोनवरही न अडखळणारे साधन तयार होऊ शकेल. आज मात्र एकाच शहरात राहून ते परस्परांना ओळखत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती आहे.

मार्शलचा धडा

एकाच धंद्यातील माणसे एका ठिकाणी वसली की त्या धंद्याचे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही. ते परिसरात भिनते, असे विख्यात अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. खानदेशाला हा धडा परका नाही. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर कारागिराच्या शेजारी बसून शिकला. औद्योगिक वसाहतीत एका डाळ मिलीशेजारी दुसरी उभी राहिली. प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यांचेही तसेच झाले. रावेर-यावल पट्ट्यात ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे पसरली, त्यात कंपन्यांच्या पत्रकांइतकाच वाटा शिवारफेरीचा होता. शेजाऱ्याच्या बागेत घड केवढा पडला हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून शेतकरी विश्वास ठेवीत नाही.

मात्र सराफ, डाळ मिल आणि केळीबाग या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या व्यवसायातील काम दिसत नाही. ते खोलीच्या कोपऱ्यात, पडद्यासमोर चालते. एकाच गल्लीत राहणारे दोघे तरुण एकाच प्रकारच्या अडचणीशी महिनोन्‌महिने झुंजत असतील आणि त्यांना परस्परांची वार्ताही नसेल. म्हणूनच शिवारफेरी जेथे आपोआप घडते तेथे ती योजावी लागत नाही. जेथे ती आपोआप घडत नाही तेथे ती मुद्दाम योजावी लागते.

गॅरेजपासून औलूपर्यंत

अन्यत्र ती योजली गेली आहे. 5 मार्च 1975 रोजी अमेरिकेत मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये संगणकाचे छंदी असे सुमारे तीसजण जमले. होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब या नावाने त्यांच्या बैठका पुढे चालू राहिल्या. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या पहिल्या ॲपल संगणकाचा आराखडा याच मंडळींत मोकळेपणाने वाटला. 2000 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ‘मोबाइल मंडे’ हा उपक्रम सुरू झाला. मोबाइल क्षेत्रातील माणसांनी सोमवारी एकत्र जमावे आणि बोलावे, एवढाच त्याचा मूळ हेतू. पुढे तो अनेक देशांत पसरला. मुंबई, दिल्ली, बंगलोर येथेही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात 2008 साली ओपन कॉफी क्लब सुरू झाला आणि नवे उद्योग काढणाऱ्यांना भेटण्याचे ठिकाण मिळाले.

यावर, ही मोठ्या शहरांची कौतुके जळगाव-धुळ्याला काय कामाची, असे कोणी विचारील. त्यासाठी फिनलंडच्या उत्तरेकडील औलू या शहराचे उदाहरण पुरेसे आहे. त्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची 3 लाख 75 हजार भरली होती. म्हणजे औलू या दोहोंहूनही लहान. नोकिया कंपनीच्या रेडिओ-तंत्रज्ञानाचे ते मोठे केंद्र होते. 2014 साली नोकियाचा हँडसेट व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने औलूतील काम बंद करण्याचे जाहीर केले. शेकडो अभियंते बेकार झाले. तरीही शहर ओस पडले नाही. विद्यापीठ, जुने सहकारी आणि लहान कंपन्या यांचे परस्परसंबंध टिकून होते. 2018 साली तेथील विद्यापीठाने सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानाच्या संशोधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. कंपनी गेली, ज्ञान राहिले.

याच्या नेमके उलटे उदाहरण खानदेशाच्या घरातच आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच पुढे विप्रो झाली, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या व्यवसायात उतरली आणि जगभर पसरली. तिचे समभाग जपून ठेवलेल्या अमळनेरच्या कुटुंबांना त्याचे भरघोस फळ मिळाले. कारखानाही गावात राहिला. परंतु संगणकाचे ज्ञान वाढले ते बंगलोरला. लाभांश घरी येतो. कौशल्य तसे येत नाही. त्यासाठी ते जाणणारी माणसे जवळ असावी लागतात आणि त्यांच्याशी बोलणे व्हावे लागते.

ओळख आणि वशिला

येथे एका गैरसमजाचा निरास करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘ओळख’ या शब्दाला वशिल्याचा वास येतो. अमक्याची ओळख आहे म्हणून तमक्याचे काम झाले, असे म्हणताना बोलणाऱ्याच्या स्वरात तक्रार असते. वशिल्यात एकाचे काम दुसऱ्याचा हक्क डावलून होते. व्यावसायिक ओळखीत तसे नसते. तेथे माहिती वाटली जाते आणि वाटल्याने ती कमी होत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. माणसाला नव्या कामाची वार्ता जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून अधिक वेळा कळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते त्यालाही आधीच ठाऊक असते. 2022 साली लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सभासदांवर झालेल्या अभ्यासातही नोकरी मिळविण्याच्या कामी अशा विरळ संबंधांचे महत्त्व दिसून आले. खानदेशात नात्यागोत्याची, जातीची आणि गावकीची बंधने घट्ट आहेत. हिवाळ्यातील भरीत-पार्टीला शेतात शंभर माणसे सहज जमतात. पण ती बहुधा आधीच एकमेकांची असतात. नाती भरपूर आणि ओळखी तुटपुंज्या, हे या प्रदेशाचे दुखणे आहे. ज्याच्या नात्यात कोणी अभियंता नाही अशा पहिल्या पिढीच्या पदवीधराला त्याची झळ सर्वांत अधिक लागते. ज्यांना घरच्या जबाबदारीमुळे पुण्यास जाता येत नाही, त्या पदवीधर मुलींची अवस्था तर याहून बिकट. पदवी कपाटात राहते आणि तिच्यासाठी गावातच काही काम आहे का, हे विचारायला ठिकाण नसते.

आक्षेप आणि उत्तरे

सगळे ज्ञान इंटरनेटवर फुकट उपलब्ध असताना भेटायचे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात हे इंटरनेट शिकविते, यात शंका नाही. परंतु जळगावचा व्यापारी ॲपसाठी किती पैसे मोजील, कोणता ग्राहक बिल थकवितो, कोणता पुरवठादार नकली डिस्प्ले अस्सल म्हणून गळ्यात मारतो, याचे उत्तर तेथे मिळत नाही. हे ज्ञान तोंडी असते आणि विश्वास बसल्यावरच दिले जाते.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. शेजारच्या दुकानदाराला आपली विद्या कोण शिकवील? पण दुरुस्ती करणाऱ्यांचे खरे दुखणे शेजारचे दुकान नव्हे. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती न मिळणे हे त्यांचे दुखणे आहे. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे पोर्टल सुरू केले. त्या हक्काचा पाठपुरावा एकटा दुकानदार करू शकत नाही. संघटित कारागीर करू शकतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खराही आहे. आपल्याकडे कोणत्याही बैठकीचा समारंभ व्हायला वेळ लागत नाही. व्यासपीठ येते, दीपप्रज्वलन येते, प्रमुख पाहुणे उशिरा येतात, शाल-श्रीफळ होते आणि मूळ विषयाला दहा मिनिटे उरतात. महाविद्यालयांत कार्यशाळा आणि स्पर्धा अधूनमधून भरतात; पण त्यांचे छायाचित्र वृत्तपत्रात आले की काम संपते. दर महिन्याच्या ठराविक दिवशी भरणारा आणि कोणालाही मोकळा असलेला कट्टा हा या शहरांच्या सवयीचा भाग झालेला नाही.

काय करता येईल

यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातील एक रविवार ठरवावा. एका महिन्यात जळगावला, पुढच्या महिन्यात धुळ्याला जमावे. दोहोंतील अंतर सुमारे 90 किलोमीटरचे आहे आणि एरंडोल-पारोळ्याची मुलेही वाटेवर सामील होऊ शकतील. वेळ सकाळची असावी, म्हणजे मुलींना येणे सोपे जाईल. जागा महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने द्यावी, पण आपला फलक लावण्याचा आग्रह धरू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने यात पुढाकार घेतल्यास ते त्याच्या नावाला साजेसेच ठरेल. चहाचा खर्च वर्गणीतून व्हावा; प्रायोजक आला की विक्रीचे भाषण येते. हार नको, अध्यक्ष नको. प्रत्येक वेळी कोणी एकाने आपली अडलेली गोष्ट मांडावी आणि इतरांनी तिच्यावर बोलावे. बोलणे मराठीत व्हावे, अहिराणीत झाले तरी उत्तम.

अहिराणीचा उल्लेख केवळ अभिमानापोटी केलेला नाही. 2011 च्या जनगणनेत खानदेशी भाषेच्या सदरात 18 लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. ही भाषा आठव्या परिशिष्टातील 22 भाषांत नाही, त्यामुळे भारतीय भाषांसाठी होणाऱ्या तंत्रज्ञानाच्या प्रयत्नांत तिचा क्रम मागेच राहणार. फोनशी बोलून काम करून घेण्याचे दिवस आले असताना शिरपूर-साक्रीच्या आजीचे बोलणे फोनला कळले नाही, तर तिला बँकेच्या दारी पुन्हा कोणाचे तरी तोंड पाहावे लागेल. हे काम पुणे करणार नाही आणि बंगलोर तर नाहीच. ते करण्यासाठी अहिराणी जाणणारा, यंत्र जाणणारा आणि ग्राहक जाणणारा, असे तिघे एका बाकावर बसावे लागतील.

एका कट्ट्याने रात्रीच्या बसगाड्या रिकाम्या होणार नाहीत, हे उघड आहे. त्या व्हाव्यात अशी अपेक्षाही नाही. तरुणांनी जग पाहिलेच पाहिजे. परंतु जाणे ही निवड असावी, सक्ती नसावी. आणि जो राहिला तो मागे पडला, असे त्याच्या आई-बापांना वाटू नये. याची सुरुवात एका खोलीत, वीस-पंचवीस खुर्च्यांवर आणि येत्या एखाद्या रविवारी होऊ शकते.