पारपत्राने मुलूख ठरत नाही

शिरोड्याहून रेडीमार्गे दक्षिणेस निघालेला वाटसरू तेरेखोलची खाडी ओलांडण्यापूर्वीच गोव्याच्या हद्दीत शिरतो. कारण खाडीच्या उत्तर तीरावरील किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, आणि त्यांची हुकूमत संपल्यावरही तो गोव्याच्याच दप्तरी राहिला. सरहद्द तहनाम्यांनी आखली जाते. तिच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या माणसांचे गणगोत मात्र तिच्याहून कितीतरी जुने असते. सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हवाली केला, तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथील रयत लिस्बनच्या अंमलाखाली होती. तरीही तिची सोयरीक सावंतवाडी-वेंगुर्ल्याशी जुळत राहिली, आणि दशावताराचे खेळ दोन्ही तीरांवर रंगतच राहिले.

मुक्तीनंतर तेथील लोक भारताचे नागरिक झाले. परंतु मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या मुला-नातवंडांस पोर्तुगालचा कायदा आजही आपले नागरिकत्व देऊ करतो, आणि ते स्वेच्छेने स्वीकारताच आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ अन्वये भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. पुढे परदेशस्थ भारतीयाचा दाखला मिळाला, तरी मतदानाचा वा शेतजमीन खरेदी करण्याचा हक्क परत येत नाही. ही अट कठोर असली तरी मला ती न्याय्य वाटते. कारण हक्क आणि दायित्व यांचा हिशेब राज्यसंस्थेला कोठेतरी एका ठिकाणी मांडावाच लागतो. अन्याय्य आहे तो समाजाचा निवाडा, जो २०२० पर्यंत चरितार्थासाठी इंग्लंड गाठण्याच्या हेतूने पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या तरुणाला एका कागदाच्या आधारे गावाशी बेइमान ठरवतो. त्याने मताधिकार गमावला आहे, गाव गमावलेले नाही.

स्कॉटलंडचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यापासून स्कॉटिश माणसास स्वतःचे असे निराळे नागरिकत्व नाही, आणि २०१४ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याचा प्रस्ताव नाकारलाही. तथापि आपण स्कॉटिश नाही, असे त्यांतील बहुतेकांस वाटले असेल हे संभवत नाही. एकीकरणाच्या वेळी त्यांनी आपली संसद गमावली, परंतु न्यायपद्धती, धर्मपीठ आणि शिक्षण राखले, आणि त्या संस्थांच्या आश्रयाने त्यांचे स्वत्व तीन शतके टिकून राहिले.

गोव्यानेही १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याचे नाकारले आणि १९८७ मध्ये कोकणीस राजभाषेचे स्थान दिले. प्रादेशिक भावनेला तेथे शासनसंस्थेचा आधार लाभला. मालवणी मुलखास असा आधार अद्याप नाही. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात ज्या शिरोड्यात अध्यापन केले, तेथील मुलांना आज आपली बोली वर्गाबाहेर ठेवूनच शिकावे लागते, आणि दशावताराचा कलावंत जत्रेच्या हंगामावरच विसंबून असतो. आपल्या प्रदेशाच्या स्वत्वाची चिंता असणाऱ्यांनी परगावी गेलेल्यांची पारपत्रे तपासण्याऐवजी आधी बोलीला शाळेत जागा आणि कलावंताला नियमित मानधन मिळवून द्यावे.