विकायच्या घराला रंग कशाला?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय घरगुतीच आहे, पण तुमच्यापैकी अनेकांच्या गावी अशीच घरं कुलूप लावून उभी असतील, म्हणून इथे मांडतो.

कपिलधारजवळ आमचं वडिलोपार्जित घर आहे. माळवदाचं, पाच खणांचं, दगड-मातीच्या हातभर जाड भिंतींचं. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला येणारे पाहुणे आमच्या ओसरीवर उतरायचे. आई गेल्यापासून घर बंदच आहे. मी बीडला, चिरंजीव पुण्याला. आता विकून टाकायचं, इथवर आम्हा दोघांचं एकमत झालं.

चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आधी थोडा खर्च करू. फरशी, गिलावा, रंग. घर उठून दिसेल, दोन पैसे जास्त येतील." मलाही पटलं. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा लाजेपोटी पटलं. गुरुजींचं घर असं पडायला आलेलं, लोक काय म्हणतील?

गवंडी आला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "गुरुजी, घेणारा यात राहायला येणार आहे का?"

या एका प्रश्नाने मी गप्प झालो. आमच्याकडे जुन्या घराला दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाला जागा हवी असते, दुसऱ्याला तुळया, खांब आणि चौकटींचं सागवान. दोघेही घर पाडणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि वरचा माळवदाचा बोजा यांखाली हजारो माणसं झोपेत गेली. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाखाली निजायची भीती बसली, ती बसलीच. मग पाडायच्या घरात फरशी बसवून घ्यायची कोणासाठी?

आणि समजा, कोणी राहायला आलाच, तर? आतल्या खोलीच्या भिंतीला सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तडा गेलाय. गिलावा केला की तो दिसणार नाही. म्हणजे जो आपल्यावर विश्वास ठेवून मुलाबाळांसह राहायला येईल, त्यालाच आपण फसवणार. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि आता हे? तडा उघडा राहू दे, मीच बोट ठेवून दाखवीन.

एक खर्च मात्र करायचाच, तो पाण्याचा. माळवदावर मृगाआधी पांढरी माती टाकली नाही की ते गळतं, आणि भिजलेली तुळई आतून कुजते. किंमत आहे ती त्या लाकडाची. तेव्हा माती टाकून घेतली. बास.

दुसरा खर्च कागदांचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा अजून वडिलांच्या नावावर. तो तर करआकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हेच. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. आपल्या घराची झाली आहे का, हे आधी बघावं. कागद नीट नसतील तर चकचकीत घरालाही भाव पडून मिळतो.

वारसनोंदीसाठी अक्काला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, रंगाचा विचार केलास, मला विचारायचा नाही केलास?" मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची झाली. फरशीचा खर्च तिच्याही वाट्यातून जाणार होता, आणि मी तो गवंड्याशी ठरवत होतो! आता पैसे आले की निम्मे तिचे. "सोडून दे" असं मी म्हणणार नाही.

शहरातल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे घेणारा राहायलाच येतो, स्वच्छ रंग त्याला आवडतो, ते ठीकच. पण गावाकडच्या घरासाठी माझं मत आता पक्कं आहे. पाणी थांबवा, कागद नीट करा, बहिणीला विचारा. बाकी घर आहे तसं दाखवा.

चिरंजीव अजून कुरकुरताहेत. तुमच्या घरी काय ठरलं, जरूर कळवा.

असो. पुन्हा भेटूच.