खाडा आणि रजा

साहेब अचानक आला नाही तर ती नैमित्तिक रजा ठरते; कामगार आला नाही तर तो खाडा ठरतो व त्याचा रोज कापला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ७९ व्या कलमात पगारी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा, अशी अट होती. सूट होती ती कामगाराच्या आजारपणापुरती. परंतु मुलाचा ताप, घरातील मृत्यू, वस्तीत शिरलेले पाणी ही संकटे पंधरा दिवसांची सूचना देऊन येत नाहीत.

खाड्यांनी उत्पादन बुडते, ही मालकांची तक्रार निराधार नाही. मात्र गिरण्यांनी त्यावर बदली कामगारांची जी तजवीज केली, तिचा भार कामगारांवरच पडला. बदलीवाल्याला उद्याच्या कामाची शाश्वती नसे.

महाराष्ट्राने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मान्य केली. लहान दुकाने मात्र वगळली. मोलकरीण व नाका कामगार तर हिशेबातच नाहीत. कारण योग्य की अयोग्य, हे मुकादमाच्या मर्जीवर सोडणे म्हणजे हक्काची भीक करणे होय. प्रत्येक मागणीपत्रकात हे आठ दिवस आलेच पाहिजेत.